केसगळती आणि पीआरपी उपचार : सुई टोचून घेण्यापूर्वी आपणांस माहीत असावयाच्या गोष्टी

अलीकडच्या काही वर्षांत केसगळतीवरील ‘पीआरपी’ हा उपचार महानगरांतून जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी पोहोचला आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत तो होतो. तसाच तो सौंदर्य केंद्रांत, केस रोपणाच्या केंद्रांत आणि ज्यांच्याकडे कोणतीही वैद्यकीय पात्रता नाही अशा व्यक्तींच्या हातूनही होतो. उपचार आपल्याच रक्ताचा, म्हणून तो नैसर्गिक आणि निर्धोक, अशी त्याची ओळख करून दिली जाते. या ओळखीत तथ्य आहे. परंतु ते कोणत्या अटींवर टिकते आणि त्या अटी मोडल्या तर काय घडू शकते, हे नागरिकांनी पैसे भरण्यापूर्वी समजून घ्यावे, यासाठी हे पत्रक काढण्यात आले आहे.

केस का गळतात

मनुष्याच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचे मूळ आपापल्या कालक्रमाने चालते. दोन ते सहा वर्षे केस वाढतो, दोन-तीन आठवडे वाढ थांबण्यात जातात आणि नंतर सुमारे तीन महिने मूळ विश्रांती घेते. विश्रांती संपली की जुना केस गळतो व त्याच मुळातून नवा उगवतो. म्हणून दिवसाला ५० ते १०० केस गळणे हे निरोगी आहे. आठवड्यातून दोनदाच डोक्यावरून न्हाणाऱ्या व्यक्तीच्या हाती एकाच वेळी तीन-चार दिवसांचे केस येतात. तो पुंजका पाहून घाबरण्याचे कारण नसते.

गळती याहून अधिक झाली तर तिचे कारण शोधणे हे उपचाराचे पहिले पाऊल होय. टायफॉइड, डेंग्यू, कोविड यांसारखा मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झपाट्याने केलेले वजन कमी किंवा मोठा मानसिक धक्का यांमुळे पुष्कळ मुळे एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. त्यांचे केस दोन ते तीन महिन्यांनी ओंजळीने गळू लागतात. तोपर्यंत आजाराची आठवण मागे पडलेली असते, आणि दोष पाण्याला, शांपूला किंवा सासरच्या हवेला दिला जातो. ही गळती बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते व केस परत येतात. या काळात कोणी पीआरपी केले तर श्रेय पीआरपीला मिळते, एवढेच.

दुसरी कारणे रक्ताच्या साध्या तपासणीत सापडतात. शरीरातील लोहाचा साठा कमी असणे, रक्तक्षय आणि थायरॉइड ग्रंथीचे विकार हे आपल्या देशातील स्त्रियांत वारंवार आढळतात व त्यांच्यावर स्वस्त, खात्रीचे उपचार आहेत. मासिक पाळी अनियमित असणे, चेहऱ्यावर लव वाढणे आणि डोक्यावरचे केस विरळ होणे ही लक्षणे एकत्र दिसली तर संप्रेरकांची तपासणी आवश्यक ठरते. गोल, गुळगुळीत चकत्या पडल्या तर ती चाई असू शकते. तो रोगप्रतिकार यंत्रणेचा विकार आहे. लहान मुलाच्या डोक्यावर खवले येऊन केस तुटत असतील तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो, आणि त्यावर पोटात घ्यावयाचे औषध लागते. कपाळाच्या वरच्या कडेने केस मागे सरकत असतील आणि रोज घट्ट अंबाडा किंवा ताणून वेणी घालण्याची सवय असेल तर आधी वेणी सैल करावी. तान्ह्या मुलाचे जावळ काढल्याने पुढे केस दाट येतात, हा समज मात्र समजच आहे. वस्तरा त्वचेच्या वर चालतो, मूळ त्वचेच्या आत असते.

कारण शोधल्याविना उपचार करण्यातील धोका महाराष्ट्राने जानेवारी २०२५ मध्ये जवळून पाहिला. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत अनेक स्त्री-पुरुषांचे व मुलांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून टक्कल पडले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी तेथे जाऊन नमुने घेतले, आणि बाधितांच्या शरीरातील सेलेनियम या मूलद्रव्याच्या वाढलेल्या प्रमाणाकडे वैद्यकीय संशोधकांनी लक्ष वेधले. अशा प्रसंगी शोध अन्न-पाण्याचा घ्यावा लागतो. डोक्यात टोचलेल्या कोणत्याही द्रवाने ते कारण दूर झाले नसते.

या सर्वांहून अधिक आढळणारे कारण म्हणजे आनुवंशिक टक्कल. यात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने केसांची मुळे वर्षानुवर्षे आकसत जातात. जाड केसाच्या जागी बारीक केस, त्याच्या जागी लव आणि अखेरीस काहीही नाही, असा हा क्रम असतो. पुरुषांत कपाळाचे दोन्ही कोपरे व टाळू उघडी पडते. स्त्रियांत भांग रुंदावतो, पण पुढची कड बहुधा टिकून राहते. पीआरपीचा विचार प्रामुख्याने याच प्रकारासाठी, आणि तोही मुळे जिवंत असेपर्यंतच्या अवस्थेत केला जातो. जेथे त्वचा चकचकीत झाली आहे व लवही उरलेली नाही, तेथे हा उपचार करून केस उगवतील अशी आशा ठेवू नये.

पीआरपी म्हणजे काय

डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी विचारला जाणारा प्रश्न आपणांस आठवत असेल : प्लेटलेट किती झाल्या? रक्तातील याच सूक्ष्म कणांना मराठीत बिंबिका म्हणतात. निरोगी व्यक्तीच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागात, त्या दीड ते साडेचार लाख असतात. जखम झाली की बिंबिका तेथे गोळा होऊन रक्त थांबवतात. त्याबरोबरच त्यांच्या पोटातील कणिकांमधून अनेक वृद्धिकारक प्रथिने बाहेर पडतात. त्यांतील काही नव्या रक्तवाहिन्या वाढवतात, तर काही पेशींना विभाजनास प्रवृत्त करतात. जखम भरून येण्याचे काम तेथून सुरू होते.

ही प्रथिने केसाच्या मुळाशी पोहोचवली तर आकसत चाललेले मूळ पुन्हा वाढीच्या अवस्थेत जाईल, अशी या उपचारामागील कल्पना आहे. ‘बिंबिकांनी समृद्ध असा रक्तद्रव’ या अर्थाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजे पीआरपी. हा शब्द मुळात रक्तशास्त्रातील असून १९७० च्या दशकात तो ज्यांच्या बिंबिका घटल्या आहेत अशा रुग्णांना द्यावयाच्या रक्तघटकासाठी वापरला जात असे. १९९८ मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी जबड्याच्या अस्थिरोपणात त्याचा उपयोग प्रसिद्ध केला, आणि तेथून तो सांध्यांच्या, खेळाडूंच्या दुखापतींच्या व त्वचेच्या उपचारांत आला. केसांच्या बाबतीत त्याची पहिली चाचपणी केस रोपणाच्या संदर्भात झाली. २००६ मध्ये ब्राझीलमधील एका शल्यचिकित्सकाने रोपण करावयाची मुळे अशा रक्तद्रवात भिजवून लावली असता अधिक केस तग धरतात, असे नोंदवले.

प्रत्यक्ष कृती अशी आहे. आपल्या दंडातील शिरेतून सुमारे १० ते ६० मिलिलिटर रक्त घेतले जाते. ते गोठू नये म्हणून नळीत सायट्रेटयुक्त द्रव असतो. नळ्या सेंट्रिफ्यूज या यंत्रात वेगाने फिरवल्या जातात. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, फिकट पिवळा रक्तद्रव वर येतो आणि दोहोंच्या सीमेवर पांढऱ्या पेशी व बिंबिका यांचा पातळ थर राहतो. काही पद्धतींत एकदा, तर काहींत दोनदा फिरवून बिंबिका एकत्र केल्या जातात. तयार झालेला द्रव बारीक सुईने, साधारण एकेक सेंटिमीटरच्या अंतरावर, डोक्याच्या त्वचेत थेंबाथेंबाने टोचतात. एका बैठकीस एक तास पुरतो. बहुधा महिन्याच्या अंतराने तीन ते चार बैठका घेतात व त्यानंतर वर्षातून एक-दोनदा पुनरावृत्ती सुचवली जाते. ही पुनरावृत्ती का लागते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. पीआरपीमुळे टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाला अडथळा होत नाही. मुळांना काही काळ चालना मिळते, परंतु त्यांना आकसवणारी प्रक्रिया आत चालूच राहते.

गुण किती येतो

यावर देशोदेशी अनेक छोटे अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. इटलीत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० पुरुषांच्या डोक्याच्या अर्ध्या भागात पीआरपी व उरलेल्या अर्ध्या भागात निव्वळ मिठाचे पाणी टोचण्यात आले. तीन बैठकांनंतर पीआरपीच्या बाजूस दर चौरस सेंटिमीटरमागे सरासरी सुमारे ४६ केसांची भर पडलेली आढळली. हा आकडा जाहिरातींना आवडतो. त्याच अभ्यासातील चौघांची केसगळती वर्षभराने पुन्हा सुरू झाली व त्यांना उपचार परत द्यावे लागले, ही नोंद मात्र जाहिरातींत येत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत २६ स्त्रियांवर केलेल्या, कोणाला काय टोचले हे डॉक्टर व रुग्ण दोघांपासूनही गुप्त ठेवलेल्या चाचणीत, एका बैठकीनंतर केसांच्या संख्येत मिठाच्या पाण्याहून लक्षणीय फरक दिसला नाही. त्याच वर्षी इराणमधील पुरुषांवरील एका छोट्या चाचणीतही लाभ आढळला नाही.

हे सर्व अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहण्यांचा कल असा आहे की, आनुवंशिक टकलाच्या आरंभीच्या व मधल्या अवस्थेत पुष्कळांच्या केसांची दाटी काही प्रमाणात वाढते. परंतु रक्त किती घ्यावे, किती वेगाने फिरवावे, बिंबिका किती पट असाव्यात आणि बैठका किती व्हाव्यात यांवर एकमत नाही. एका दवाखान्यातील पीआरपी व शेजारच्या दवाखान्यातील पीआरपी ही नावाने एक असली तरी गुणाने वेगळी असू शकतात. औषधाच्या गोळीत किती मिलिग्रॅम आहे हे वेष्टनावर छापलेले असते. येथे नळीत नेमके किती आहे हे बहुतेक ठिकाणी कोणी मोजतही नाही. आपण डॉक्टरांना विचारू शकता : तयार द्रवातील बिंबिकांची गणना आपण करता का? चांगल्या केंद्रात या प्रश्नाचा राग येत नाही.

तुलनेसाठी सिद्ध औषधांचीही माहिती असावी. डोक्यास लावावयाचे मिनॉक्सिडिल स्त्रिया व पुरुष दोघांनाही दिले जाते. मूळचे हे उच्च रक्तदाबावरील औषध. त्याने केस वाढतात हे रुग्णांवरच लक्षात आले. आरंभीच्या काही आठवड्यांत केस थोडे अधिक गळतात व गुण दिसण्यास चार ते सहा महिने लागतात. पुष्कळ जण नेमके याच टप्प्यावर औषध सोडून इंजेक्शनाकडे वळतात. फिनास्टेराइड हे पुरुषांना दिले जाणारे पोटातील औषध टक्कल पाडणारे संप्रेरक घटवते. लैंगिक इच्छा कमी होण्यासारखे दुष्परिणाम काहींना होतात, आणि गर्भवती किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांनी ते घेऊ नये, कारण पुरुष गर्भाच्या वाढीत त्यामुळे दोष निर्माण होऊ शकतो. दोन्ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावीत. थांबवली की त्यांचा लाभ काही महिन्यांत ओसरतो. त्वचारोगतज्ज्ञ बहुधा यांनाच पायाभूत उपचार मानतात व पीआरपी त्यांच्या जोडीला, किंवा ती घेता येत नसतील तेव्हा, सुचवतात. औषधांचे नावही न काढता कोणी पहिल्याच भेटीत सहा बैठकांचा संच विकत असेल तर तेथून उठून यावे, हे बरे.

रक्त आपलेच आहे याची खात्री

पीआरपीच्या सुरक्षिततेचा सारा आधार एका गोष्टीवर आहे : टोचले जाणारे रक्त आपलेच असावे, आणि आपल्या शरीराबाहेर असताना त्याला दुसऱ्या कोणाच्या रक्ताचा स्पर्श झालेला नसावा. ही अट पाळली तर दुसऱ्याचे रक्त चढवताना असणारे रक्तगटाचे व संसर्गाचे धोके येथे उरत नाहीत. ती मोडली तर हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या तिन्ही विषाणूंना थेट वाट मिळते. यांतील हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागातही, किमान सात दिवस संसर्गक्षम राहतो.

हा धोका केवळ तर्काचा नाही. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात २०१८ मध्ये एका महिलेस एचआयव्हीची बाधा आढळली. संसर्गाचे कोणतेही नेहमीचे कारण तिच्याबाबत लागू नव्हते. तिने एका सौंदर्य केंद्रात चेहऱ्यासाठी पीआरपीचा सुई-उपचार घेतला होता. तपासणीत तेथे स्वयंपाकघरातील ओट्यावर नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या, शीतकपाटात अन्नाशेजारी ठेवलेले रक्त, खणांत व कचऱ्याच्या साध्या डब्यांत उघड्या सिरिंजा आढळल्या. उपकरणे निर्जंतुक करण्याचे यंत्र तेथे नव्हते, व केंद्राकडे परवानाही नव्हता. त्या केंद्रात उपचार घेतलेल्या आणखी महिला बाधित निघाल्या, आणि त्यांच्यातील विषाणू परस्परांशी अत्यंत मिळतेजुळते होते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये याचा अहवाल प्रसिद्ध केला. उपचार चेहऱ्याचा होता, पण रक्त काढणे, फिरवणे व परत टोचणे ही कृती डोक्यासाठी होते तीच आहे.

म्हणून खुर्चीत बसल्यावर आपण संकोच न करता पाहावे. सुई, सिरिंज व नळ्या बंद पाकिटातून आपल्यासमोर काढल्या जात आहेत का? रक्त घेताच, नळी हातावेगळी होण्यापूर्वी, तिच्यावर आपले पूर्ण नाव आणि वय किंवा नोंदणी क्रमांक लिहिला गेला का? नळीवर केवळ ‘पेशंट २’ लिहिणे पुरेसे नाही. एकाच नावाचे दोन रुग्ण एका सकाळी येणे आपल्याकडे अगदी सहज घडते. यंत्रात त्याच वेळी इतर कोणाच्या नळ्या फिरत आहेत का, हे विचारावे. टोचण्यापूर्वी डॉक्टरांनी नळीवरील नाव आपणांस वाचून दाखवावे, अशी विनंती करावी. नळ्या पीआरपीसाठीच बनवलेल्या व निर्जंतुक असाव्यात. प्रयोगशाळेतील तपासणीसाठी असलेल्या स्वस्त नळ्या रक्त तपासून टाकून देण्यासाठी असतात, ते परत शरीरात घालण्यासाठी नव्हे. उरलेला द्रव पुढील बैठकीसाठी शीतकपाटात ठेवण्याचा प्रस्ताव कोणी मांडला तर नकार द्यावा. वापरलेली सुई न टोचल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकली जाते की नाही, हेही दिसते; जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये ते बंधनकारक आहे. जेथे हा डबाच नाही, तेथे इतर काळजीही घेतली जात नसावी असे समजण्यास हरकत नाही.

उपचारापूर्वी रक्तगणना व बिंबिकांची संख्या पाहिली जाते, आणि पुष्कळ डॉक्टर एचआयव्ही व हेपॅटायटिसच्या चाचण्याही सांगतात. एचआयव्ही चाचणी आपल्या माहितीपूर्ण संमतीविना करता येत नाही, व तिचा निकाल गोपनीय ठेवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

दुसऱ्याची वापरलेली सुई किंवा दुसऱ्याचे रक्त आपणांस टोचले गेल्याची शंका आली, तर लाजेने किंवा वादात वेळ दवडू नये. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे शक्य तितक्या लवकर, दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. त्यासाठी जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात तातडीने जावे. रात्र असली तरी अपघात विभाग उघडा असतो. हेपॅटायटिस बीची लस पूर्वी घेतली आहे किंवा नाही हे तेथे सांगावे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

कोणी घेऊ नये आणि काय अपेक्षित आहे

बिंबिकांची संख्या किंवा कार्य सदोष असलेल्या, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या, कर्करोगावर उपचार चालू असलेल्या, गर्भवती, तसेच अंगात ताप किंवा डोक्यावर फोड, गळू वा अन्य संसर्ग असलेल्या व्यक्तींवर हा उपचार करू नये किंवा पुढे ढकलावा. हृदयविकारासाठी दिलेली अॅस्पिरिनची गोळी केसांसाठी स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे, आणि त्यांनी नाही म्हटले तर पीआरपीच नको. आयब्युप्रोफेनसारख्या साध्या वेदनाशामक गोळ्या बिंबिकांच्या कामात अडथळा आणतात, म्हणून त्या उपचाराआधी सुमारे आठवडाभर टाळण्यास सांगतात. कोणत्या औषधाची, विशेषतः भूल देण्याच्या औषधाची, पूर्वी प्रतिक्रिया आली असल्यास ती अवश्य सांगावी. रक्त पाहून घेरी येत असेल तर तेही सांगावे, व उपाशीपोटी जाऊ नये.

टोचताना दुखते. त्यानंतर एक-दोन दिवस डोके जड वाटणे, टोचल्या जागी लाली किंवा रक्ताचे बारीक ठिपके, कपाळावर किंवा डोळ्यांभोवती थोडी सूज हे अपेक्षित आहे. दुखल्यास पॅरासिटामॉल घ्यावे. दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर वाढत गेले, पू दिसला, ताप आला किंवा त्वचेचा एखादा भाग पांढरा वा काळसर पडला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गुण आला की नाही हे आरशासमोर ठरत नाही. पहिल्या दिवशी आणि सहा महिन्यांनी त्याच उजेडात, त्याच कोनातून, त्याच भांगाची छायाचित्रे काढून घ्यावीत आणि त्यांची एक प्रत आपल्याकडे ठेवावी. तीन-चार बैठकांनंतर सहा महिन्यांनीही फरक नसेल तर पुढील बैठकांवर खर्च करण्यास वैद्यकीय आधार उरत नाही.

पीआरपीच्या जोडीला आता इतर नावेही विकली जातात. जीएफसी यात रक्तापासून पेशी वगळून वृद्धिकारक प्रथिनांचा द्रव वेगळा केला जातो. त्यावरील अभ्यास पीआरपीहूनही कमी आहेत. एक्सोसोम या नावाची कुपी मात्र आपल्या रक्ताची नसते, ती बाहेरून आलेले जैविक उत्पादन असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नेब्रास्का राज्यातील रुग्णांना झालेल्या गंभीर दुष्परिणामांनंतर डिसेंबर २०१९ मध्ये एक्सोसोमविषयी जनतेस सावध केले होते. ‘आपल्याच रक्ताचे, म्हणून निर्धोक’ हा युक्तिवाद या कुपीस मुळीच लागू होत नाही.

डॉक्टर, जाहिरात आणि पैसा

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्यविषयक प्रक्रिया व केस रोपण यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत पाहून किंवा यूट्यूबवरील चित्रफिती पाहून अशा प्रक्रिया सुरू करणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. हे लिहावे लागले, यातच परिस्थिती कळून येते. आपण उपचार करणाऱ्या व्यक्तीचे नाव, पदवी व वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. हा क्रमांक दवाखान्यात लावणे, तसेच औषधचिठ्ठीवर व पावतीवर छापणे डॉक्टरांना व्यवसायनीतीच्या नियमांनुसार आवश्यक आहे. त्वचारोगशास्त्रातील पदव्युत्तर पात्रता असलेले डॉक्टर निदानासाठी सर्वांत योग्य. पाटीवर एका डॉक्टरांचे नाव आणि सुई दुसऱ्याच्या हाती, असा प्रकार दिसला तर थांबावे.

टक्कल हटवण्याची हमी देणाऱ्या औषधाच्या जाहिराती कायद्यालाही मान्य नाहीत. औषध नियम, १९४५ यांच्या अनुसूची जे मध्ये, ज्या व्याधी बऱ्या करण्याचा किंवा टाळण्याचा दावा कोणत्याही औषधास करता येत नाही अशांची यादी आहे. तीत टक्कल पडणे आणि नवीन केस उगवणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

एका बैठकीस काही हजार रुपये पडतात, आणि सौंदर्यासाठीच्या उपचारांना आरोग्य विमा सहसा लागू नसतो. लग्न ठरण्याच्या घाईत किंवा नोकरीच्या मुलाखतीपूर्वी हप्त्यांवर संपूर्ण संच घेणारे तरुण पुष्कळ आहेत. घाईत घेतलेल्या उपचाराचा निकाल लग्नाआधी दिसत नाही. केस आपल्या गतीने, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, वाढतात. एकेका बैठकीचे पैसे द्यावेत, प्रत्येक वेळी पावती घ्यावी, आणि संमतिपत्र आपणांस समजणाऱ्या भाषेत वाचूनच सही करावी. विरळ केसांमुळे घराबाहेर पडणेच नकोसे झाले असेल, किंवा मन सतत खिन्न राहत असेल, तर टेली मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र निःशुल्क बोलता येते. या कारणासाठी तेथे फोन करण्यात काहीही लाजिरवाणे नाही.

निदानासाठी प्रथम जवळच्या शासकीय रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जावे. खासगी केंद्रात उपचार झाला असेल तर आपल्या उपचाराच्या नोंदी मागण्याचा आपणांस अधिकार आहे. मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. डॉक्टरांच्या वर्तनाविषयीची तक्रार राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे, आणि फसव्या जाहिरातीविषयी अथवा परत न मिळालेल्या पैशांविषयीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करावी. तक्रारीसोबत पावत्या, संमतिपत्राची प्रत, पहिल्या दिवसाची छायाचित्रे आणि उपलब्ध असल्यास जाहिरातीची प्रत जोडावी.